मळ कोणता, कातडी कोणती

मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडात घड्याळं तासभर पुढे जातात आणि त्याच सुमारास गावाबाहेरच्या कॅरव्हॅन-यार्डांत माणसं दिसायला लागतात. ऑक्टोबरपासून तारेच्या कुंपणामागे ओळीनं उभ्या असलेल्या पांढऱ्या पेट्यांसमोर ती कमरेवर हात ठेवून उभी राहतात. पांढऱ्या म्हणायच्या त्या सवयीनं. उत्तरेकडची बाजू हिरवी झालेली असते. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून, रडताना काजळ ओघळावं तसे काळे पट्टे आलेले असतात. पुढच्या नाकाडावर हात फिरवला तर खडूसारखी भुकटी हाताला लागते. छताचं काय झालंय हे मात्र कोणी मान वर करून बघत नाही, कारण बघितलं की करावं लागतं.

यॉर्कशायरमधल्या अशाच एका यार्डात आमचीही एक जुनी, दुसऱ्या हातची कॅरव्हॅन असते. दर वसंतात मी तिच्यासमोर उभी राहिले की शेजारच्या ओळीतला कोणीतरी चहाचा मग घेऊन येतो आणि एका बाटलीचं नाव सांगून जातो. एक म्हणतो भांडी घासायचा साबण पुरे. दुसरा म्हणतो ट्रक धुवायचं रसायन आण, पाच मिनिटांत काम. तिसऱ्याचा ब्लीचवर विश्वास, चौथ्याचा प्रेशर गनवर. एक आजोबा दरवर्षी सांगतात की काही करू नकोस, देव पाऊस पाडतोच आहे. हे सगळे सल्ले, आजोबांचासुद्धा, मी कधी ना कधी पाळून पाहिले आहेत. त्यातून एवढं कळलं की ‘कशानं धुवायचं’ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की समोर दिसतोय तो मळ आहे की कातडी? आणि कातडी असेल तर ती कशाची? जुन्या कॅरव्हॅनचं जेवढं नुकसान माझ्या डोळ्यांसमोर झालंय, त्यातलं मळानं थोडं केलं आणि मळ काढणाऱ्या हातांनी जास्त.

हौसेखातर ओढून न्यायच्या घराची गोष्ट इंग्लंडात साधारण १८८५ पासून सांगतात. नौदलातून निवृत्त झालेले स्कॉटिश डॉक्टर आणि लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून ते तिच्यातून इंग्लंडातून थेट स्कॉटलंडपर्यंत गेले. ती होती महोगनी लाकडाची. लाकडाची गाडी म्हणजे फर्निचर. तिला वॉर्निश लावायचं, पुसायची, पुन्हा वॉर्निश लावायचं. १९०७ मध्ये कॅरव्हॅन क्लब स्थापन झाला तेव्हाही सभासदांच्या गाड्या लाकडीच होत्या आणि घोडेच त्या ओढत होते. १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीनं मोटारीमागे जोडायच्या कॅरव्हॅन विकायला काढल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अॅल्युमिनियमचा पातळ, रंग दिलेला पत्रा आला आणि कॅरव्हॅन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पुढे फायबर आलं, म्हणजे काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनचं मिश्रण. मग पुढच्या-मागच्या गोलाईसाठी साच्यात घडवलेलं एबीएस प्लॅस्टिक आलं. मुलांच्या लेगोच्या विटा ज्याच्या असतात तेच. खिडक्या तर काचेच्या नसतातच. त्या अॅक्रिलिकच्या, दुहेरी.

म्हणजे लांबून एकसंध पांढरी दिसणारी ही पेटी जवळून गोधडीसारखी आहे. कुशीला पत्रा किंवा फायबर, नाकाला एबीएस, डोळ्यांना अॅक्रिलिक, सांध्यांना रबर, आणि सांध्याखाली मॅस्टिक नावाचा चिकट लगदा, ज्याच्या जिवावर सगळा पाऊस बाहेर राहतो. यातल्या एकाला मानवणारं औषध दुसऱ्याला मानवेलच असं नाही. बाटलीवर ‘सर्व पृष्ठभागांसाठी’ असं छापलेलं असलं की मला म्हणूनच आधी संशय येतो.

आता मळाकडे. सगळ्यात उठून दिसतं ते शेवाळ, आणि त्याबद्दल मराठी माणसाला इंग्रजांनी काही शिकवायची गरज नाही. कोकणातल्या कौलांवर, पुण्यातल्या वाड्यांच्या भिंतींवर, श्रावणात अंगणातल्या फरशीवर पाय घसरतो तेव्हा ते आपण ओळखून असतो. इंग्लंडचा हिवाळा म्हणजे पाच महिन्यांचा थंड श्रावण. ऊन तिरपं, उत्तरेची बाजू दिवसदिवस वाळत नाही, आणि हवेतून येणाऱ्या हिरव्या शैवालाला माती लागतच नाही. धुळीचा पातळ थर, थोडा ओलावा आणि थोडा उजेड एवढ्यावर त्याचं भागतं. झाडाखाली गाडी लावली तर विचारायलाच नको. झाड पाणी ठिबकवतं, चीक टाकतं, पक्ष्यांना बसायला फांदी देतं आणि उन्हाला अडवतं.

शेवाळ दिसतं भीषण, पण काढायला सगळ्यात सोपं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश आणि थोडा वेळ, बस. बहुतेक लोक वेळ देत नाहीत. साबण लावून दहा मिनिटं थांबायचं, तो वाळू द्यायचा नाही, मग हलक्या हातानं फिरवायचं. घासायला लागलं तर समजावं की थांबलो कमी. खिडकीच्या रबराच्या खाचेत आणि तंबू अडकवायच्या रुळात शेवाळापाठोपाठ मॉस धरतं, म्हणजे खरीखुरी गादी. ती लाकडी काडीनं किंवा जुन्या टूथब्रशनं काढावी, स्क्रूड्रायव्हरनं कधीच नाही. ही गादी पाणी धरून ठेवते, थंडीत ते पाणी गोठून फुगतं आणि सांधा हळूहळू उचलला जातो. हिरव्या रंगाचा मला तितका राग नाही. या गादीचा आहे.

त्याहून चिवट असतं ते दगडफूल. होय, आपल्या गोड्या मसाल्यात जातं त्याच्याच गोतातलं. शैवाल आणि बुरशी यांचा हा जुना संसार, आणि तो रंगावर, रबरावर, मॅस्टिकवर राखाडी-पिवळ्या टिकल्यांच्या रूपानं चिकटून बसतो. ओल्या फडक्यानं शेवाळ जातं, दगडफूल जात नाही. ते नखानं खरवडलं की खालच्या रंगाचा कणही सोबत येतो. इथे दोन पंथ आहेत. एक पंथ ब्लीचचा. सोडियम हायपोक्लोराइट जीव मारतं हे खरं, पण ते अॅल्युमिनियमला खड्डे पाडतं, रबर वाळवतं आणि पत्र्याच्या उघड्या कडेला, स्क्रूच्या डोक्याशी जाऊन बसतं. दुसरा पंथ बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखी बुरशीनाशकं फवारून सोडून द्यायचा. पुढचं काम आठवड्या-दोन आठवड्यांत वारा-पाऊस करतो. मी दुसऱ्या पंथात आहे, तेही डाग असतील तिथेच आणि थोडंच फवारणारी. कारण हे द्रव्य पाण्यातल्या जिवांना भारी विषारी असतं आणि यार्डातली गटारं कुठे जातात ते पुढे येईलच.

तिसरा मळ म्हणजे काळे ओघळ. कॅरव्हॅनवाल्यांच्या गप्पांत याच्याइतका दुसरा विषय चघळला जात नाही. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून, रुळाच्या टोकातून, छताच्या कडेच्या पट्टीखालून हे ओघळ निघतात आणि साध्या साबणाला दाद देत नाहीत. लोकांना वाटतं हा रस्त्याचा धूर. धूर त्यात असतो, पण एकटा नसतो. रबर मऊ राहावं म्हणून त्यात तेल घातलेलं असतं, मॅस्टिकमध्येही असतं. उन्हानं ते हळूहळू बाहेर झिरपतं, पावसाच्या थेंबाबरोबर खाली उतरतं आणि त्या ओशट वाटेवर छतावरची धूळ, परागकण, काजळी चिकटत जाते. ओघळ म्हणजे तेलात बसलेली धूळ. म्हणून पाणी त्यावरून घसरतं, आणि म्हणूनच तेल सोडवणारं काहीतरी लागतं.

इथे ट्रकवाल्यांचं रसायन येतं. लॉरी धुवायला जे वापरतात ते बहुधा जोरदार अल्कली असतं, कधी कॉस्टिक सोड्याचंच. डिझेलचा तवंग ते क्षणात सोडवतं. पण अॅल्युमिनियमचं पातेलं धुण्याच्या सोड्यात बुडवून बघितलेल्या कुठल्याही गृहिणीला पुढचं सांगायला नको. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा जो अतिपातळ थर असतो तो अल्कलीत विरघळतो आणि धातू काळवंडतो किंवा पांढुरका पडतो. पत्र्यावरचा रंग शाबूत असेल तोवर निभावतं. रंगाला चीर असली की तिथून सुरू होतं. माझ्या ओळीतल्या एका गाडीच्या खिडक्यांची अॅल्युमिनियमची चौकट अशी एका दुपारीत म्हातारी झाली. सौम्य, अल्कली नसलेलं द्रावण घ्यावं, डाग असेल तेवढ्याच जागी लावावं आणि भरपूर पाण्यानं काढावं. वर्षभराचा ओघळ एका हातात गेला नाही तर दुसरा हात फिरवावा. ‘जादूचा स्पंज’ म्हणून मेलामाइनच्या फेसाचा पांढरा ठोकळा मिळतो, तो ओघळ फार छान काढतो. पण तो काढतो घासून. तो मुळात अतिबारीक सँडपेपर आहे. चकाकणाऱ्या रंगावर तो दरवर्षी फिरवला तर पाच वर्षांनी ओघळाची जागा स्वच्छ आणि मंद दिसते, शेजारची जागा मळकट आणि चकचकीत.

रसायन कुठलंही असलं तरी एक गोष्ट ट्रक धुणाऱ्यांनीच शिकवली आणि ती सोळा आणे खरी आहे. साबण खालून वर लावायचा, पाणी वरून खाली मारायचं. कोरड्या मळावर वरून साबण सोडला की त्याच्या रेघा खाली धावतात, त्या रेघांत मळ आधी सुटतो आणि उरलेली भिंत धुतली तरी त्या पट्ट्या दिसत राहतात. पहिल्या वर्षी मी उलटं केलं होतं. झेब्रा ओढत आम्ही स्कारबरोला गेलो.

प्रेशर गनबद्दल थोडक्यात. घरच्या नळाला तीन-चार बार दाब असतो, घरगुती प्रेशर वॉशरला शंभराच्या वर. कॅरव्हॅनची भिंत वरून येणाऱ्या पावसासाठी बांधलेली असते, समोरून येणाऱ्या भाल्यासाठी नाही. फ्रिजच्या जाळीतून, दिव्याच्या मागून, सांध्याच्या पोटातून पाणी आत जातं, आणि आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते. नक्षीच्या चिकटपट्ट्या कडेनं उचलल्या जातात हे तर दिसतं तरी. आत लाकडी सांगाडा भिजतो ते दिसत नाही. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला आमंत्रण मिळतं. चाकांच्या कमानी आणि खालचा सांगाडा धुवायला गन चालेल. भिंतीला नको.

मळाचा हिशेब इथे संपतो आणि खरी गंमत सुरू होते, कारण कॅरव्हॅनच्या जुनाटपणाचा मोठा भाग मळ नसतोच.

नाकाडावरची ती खडूसारखी भुकटी घ्या. लोक ती धुतात, वाळली की परत दिसते, म्हणून आणखी जोरात धुतात. ही भुकटी बाहेरून आलेली नाही. फायबरच्या सगळ्यात वरच्या थराला जेलकोट म्हणतात. फायबरच्याच होड्यांवर तो साधारण अर्धा मिलीमीटर जाड असतो. त्यात पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड असतं. उन्हातले अतिनील किरण रेझिनची साखळी तोडतात, पांढऱ्या रंगद्रव्याच्या कणांपाशी ती तुटण्याची क्रिया आणखी जोरात चालते, आणि धरून ठेवणारं रेझिन गेल्यावर रंगद्रव्य मोकळं होऊन वर बसतं. म्हणजे बोटाला लागतं ते गाडीचंच पीठ. काळं फडकं घेऊन कोरडंच फिरवावं. पांढरं उमटलं तर साबणाचा पाढा बंद करावा.

अशा पृष्ठभागाला रबिंग लागतं. आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ असा एका दमात उच्चार होतो, पण ती दोन वेगळी कामं आहेत. रबिंग कंपाउंड मेलेला थर कापून काढतं, पॉलिश कापल्याच्या खुणा बारीक करतं, आणि त्यानंतरचं मेण वर पांघरूण घालतं. होडीवाले फार खराब जेलकोटवर दीड-दोन हजार नंबरचा ओला पॉलिशपेपरही चालवतात. कॅरव्हॅनवर मी चालवत नाही, कारण प्रत्येक रबिंगला ती कातडी थोडी पातळ होते आणि ती वाढत नाही. दरवर्षी रबिंग करून घेणाऱ्या हौशी माणसाची गाडी पाच वर्षं आरशासारखी दिसते. सहाव्या वर्षी कोपऱ्यावर फायबरची जाळी डोकावते. एकदा करावं, नीट करावं, मग मेण टिकवावं. मेणासाठी ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं कार्नौबा अजूनही उत्तम. हल्ली सिलिका असलेल्या सिरॅमिक लेपांचा बोलबाला आहे आणि ते टिकतातही जास्त, पण भुकटीवर लावलेला कुठलाही लेप भुकटीबरोबरच निघतो. शेणानं सारवण्याआधी जमीन चोपून घ्यायची ती का, हे ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

एबीएसची गोष्ट आणखी करुण. या प्लॅस्टिकमधला रबरी घटक उन्हात ऑक्सिजनशी मिळतो, पिवळा पडतो, कडक होतो. पिवळेपणा मळासारखा दिसतो म्हणून लोक थिनर घेऊन बसतात. अॅसिटोननं एबीएस विरघळतं, डाग पुसायला गेलं तर चेहराच पुसला जातो. पिवळेपणा पॉलिशनं थोडा हलका होतो, पूर्ण जात नाही, आणि वयानं कडक झालेल्या त्या गोलाईला केसाएवढ्या चिरा पडू लागल्या तर तिथे धुण्याचा विषय संपून दुरुस्तीचा सुरू होतो.

खिडक्यांवर मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथे गुन्हा सरळसरळ आपलाच असतो. अॅक्रिलिकला ऊन फारसं मारत नाही. हवामान सोसण्यात ते इतर प्लॅस्टिकांच्या मानानं पुष्कळ चिवट आहे. त्याला मारतो आपण. एक तर कोरड्या फडक्यानं, कारण धुळीचा एक कण अॅक्रिलिकवर नांगरासारखा चालतो. दुसरं म्हणजे स्पिरिट, पेट्रोल, अमोनिया असलेला काच पुसायचा निळा फवारा. बिजागऱ्यांमुळे आणि वाकवल्यामुळे खिडकीत ताण असतो, त्या ताणलेल्या जागी द्रावक शिरला की आतल्या आत चांदीसारख्या बारीक भेगांचं जाळं फुटतं. ते घासून जात नाही, पॉलिशनं जात नाही, आणि खिडकीची किंमत ऐकून माणूस वॉर्निशच्या जमान्यात जावंसं म्हणतो. माझी पद्धत अगदी बाळबोध आहे: आधी नुसतं पाणी ओतायचं, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला हाताचा तळवा फिरवायचा, कारण खडा असेल तर तळव्याला कळतो, फडक्याला कळत नाही.

आपल्या महामार्गांवरच्या धाब्यांशी ट्रकचे क्लीनर डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवून टपाला झळाळी आणतात. रंगीत लोखंडी पत्र्यावर ते चार दिवस दिसतं छान. कॅरव्हॅनवर तोच बोळा म्हणजे रबर फुगणार, मॅस्टिक मऊ होणार आणि खिडकीचं वरच्यासारखं. अमेरिकेतल्या मोठ्या आरव्ही गाड्यांच्या छतांना पुष्कळदा ईपीडीएम नावाचं रबर असतं. तिथल्या उत्पादकांच्या सूचनांत पेट्रोलियमपासून केलेल्या द्रव्यांना मनाई असते ती याच कारणानं. त्या छतांनाही उन्हानं भुकटी सुटते आणि पावसात ती कुशीवरून पांढऱ्या रेघांनी उतरते. इंग्लंडात काळे ओघळ, अॅरिझोनात पांढरे.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर एअरस्ट्रीमबद्दल न लिहिता पुढे जाववत नाही. वॉली बायम यांची ती रिव्हेट मारलेली, विमानासारखी चंदेरी कॅरव्हॅन. १९३६ चं ‘क्लिपर’ मॉडेल तिची पहिली प्रसिद्ध ओळख. तिचा पत्रा विमानाच्याच जातीचा, ‘अॅल्क्लॅड’, म्हणजे मजबूत मिश्रधातूवर शुद्ध अॅल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा. आरसा चमकतो तो या मुलाम्यामुळे, आणि गंज अडवतो तोही हाच मुलामा. जुन्या एअरस्ट्रीमचे चाहते महिनोन्महिने यंत्र घेऊन तिला पॉलिश करतात. नीट केलं तर तिच्यात समोरचे ढग दिसतात. पण पॉलिश म्हणजे कापणं, आणि मुलामा मुळातच पत्र्याच्या जाडीच्या काही टक्केच. साठच्या दशकापासून कारखान्यातूनच पारदर्शक लेप द्यायला लागले. तो म्हातारा झाला की सापाच्या कातेसारखा सुटतो आणि मग मालकापुढे पेच पडतो: काढून आरसा करायचा, की सुटू द्यायचा? मला स्वतःला मंद राखाडी झालेली एअरस्ट्रीम जास्त आवडते. ऑक्साइड हेच अॅल्युमिनियमचं स्वतःचं वॉर्निश आहे.

चमकीचा विषय सगळ्यांत मनापासून कोणी घेतला असेल तर तो इंग्लंडातल्या जिप्सी आणि ट्रॅव्हलर लोकांनी. त्यांच्या क्रोमच्या पट्ट्यांनी मढवलेल्या कॅरव्हॅन मी पहिल्यांदा कंब्रियातल्या अॅपलबीच्या घोडेबाजाराच्या वेळी पाहिल्या. जूनमध्ये ईडन नदीत घोडे उतरवून धुतात आणि वर माळावर बायका खिडक्या पुसत असतात. मानववंशशास्त्रज्ञ ज्युडिथ ओकली यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात या स्वच्छतेचा अर्थ उलगडला आहे. आत आणि बाहेर यांच्यातली रेघ तिथे महत्त्वाची: अंग धुवायचं भांडं वेगळं, खाण्याची भांडी धुवायचं वेगळं, आणि दोन्ही एका तसराळ्यात धुणारे बाहेरचे लोक, म्हणजे बाकीचे इंग्रज, त्यांच्या मते विटाळलेले. हे वाचताना मला माझ्या आजीचं सोवळं आठवलं आणि हसूही आलं. यांच्यातल्या जिप्सींच्या बोलीत पाण्याला ‘पानी’ म्हणतात आणि चिखलाला ‘चिक’. हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघालेल्या या लोकांनी वाटेत पुष्कळ काही मागे टाकलं असेल, पाणी आणि चिखल मात्र बरोबर नेला.

पाण्याबद्दल आणखी दोन गोष्टी. लंडनकडचं, दक्षिणेचं पाणी चुनखडीतून येतं म्हणून जड. वाळलं की प्रत्येक थेंबाची पांढरी कडी राहते. आमच्या डोंगराकडचं पाणी हलकं. जड पाण्याच्या भागात शेवटचा हात पिंपात साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा द्यावा आणि उन्हात धुवू नये, इतकं केलं तरी पुरे. दुसरं म्हणजे आकार. साधारण कॅरव्हॅनच्या चार भिंती आणि छत मिळून साडेचारशे चौरस फुटांच्या घरात जातात, म्हणजे मुंबईतला एक वन-बीएचके हातानं पुसून काढायचा. नळी मोकळी सोडली तर पाणी किती जातं याचा विचार इथेही आता करावा लागतो. २०२२ आणि २०२५ च्या उन्हाळ्यांत यॉर्कशायरमध्ये नळीवर बंदी आली होती, गाडी धुवायची तर बादलीनं. बंदी नसतानाही मी बादलीच वापरते. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. आणि रस्त्याकडेचं गटार इथे पुष्कळ ठिकाणी पावसाच्या पाण्याचं असतं, ते प्रक्रियेशिवाय थेट ओढ्यात जातं. म्हणून बऱ्याच यार्डांत धुवायला मनाई असते, आणि ती मनाई मोडून बुरशीनाशक सोडणाऱ्यांना खालच्या ओढ्यातले मासे काही विचारायला येत नाहीत.

छताचं काय? अडीच मीटर उंचीवर, ओलं, साबण लावलेलं, आणि पातळ. त्यावर पाय ठेवू नये, शिडी भिंतीला टेकवू नये. स्वतःच्या पायांवर उभा राहणारा घोडा आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश घ्यावा. सुरुवात मात्र छतापासूनच करावी. छत न धुता भिंती धुणं म्हणजे पुढच्या पावसात तोच मळ परत अंगावर घेणं. काळ्या ओघळांची अर्धी सामग्री वरच असते. हॅचच्या झाकणांची प्लॅस्टिकं वयानं चुरा झालेली असतात, त्यांना जरा जपून.

मेण लावताना एक जागा कटाक्षानं सोडायची: पुढची जोडणी. स्थिरतेसाठी तिच्यात घर्षणाच्या गाद्या असतात, त्या गाडीच्या हुकाचा गोळा घट्ट धरून कॅरव्हॅनला शेपटीसारखी हलू देत नाहीत. तिथे मेणाचा, सिलिकॉनचा, ग्रीसचा हात लागला की पकड गेली. धुण्याच्या कामात जिवावर बेतू शकेल अशी, शिडी सोडली तर, हीच एक चूक.

हिवाळ्यात वर कापड घालावं का, यावर यार्डात दोन तट आहेत. श्वास घेणारं, बेताच्या मापाचं, घट्ट बांधलेलं कापड शेवाळ निम्म्यानं कमी करतं असं माझं निरीक्षण. पण मळक्या गाडीवर घातलेलं आणि वाऱ्यावर फडफडणारं कापड म्हणजे पाच महिने चालणारा पॉलिशपेपर. खिडक्यांचा पहिला बळी. म्हणून धुवायचा खरा महिना मार्च नव्हे, ऑक्टोबर. हे सगळ्यांना पटतं आणि कोणी करत नाही. मीही दोनदाच केलंय.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा मला पहिला विचार आला तो तारकर्लीच्या आणि महाबळेश्वरच्या पावसाचा. तिथे इंग्लंडचे पाच महिने एका जुलैत भरतात, तारकर्लीत वर समुद्राची खारी हवा, आणि मेमध्ये असं ऊन की जेलकोटनं इथे दहा वर्षांत गाळावं तेवढं पीठ तिथे फार लवकर गळेल. त्या गाड्या इथल्यासारख्या पाच महिने झाकून ठेवायच्या नाहीत, भाड्यानं फिरणार. म्हणजे त्या धुणार वॉशिंग सेंटरचा मुलगा, प्रेशर गननं आणि डिझेलच्या बोळ्यानं. त्याच्या हातात कोणीतरी एक मऊ ब्रश आणि खिडक्यांविषयी चार ओळींचा कागद द्यायला हवा.

गेल्या वसंतात आमची गाडी मी तीन दिवस धुतली. छत, मग भिंती, खालून वर साबण, वरून खाली पाणी; रबिंग नाकाडापुरतंच; खिडक्या तळव्यानं. आजोबा चहा घेऊन आले, म्हणाले, बरी दिसते. तीन आठवड्यांनी एक पाऊस झाला आणि दाराच्या डावीकडे पुन्हा एक ओघळ आला, बारीक, पेन्सिलीच्या रेघेसारखा. बाकी भिंत स्वच्छ असल्यामुळे तो कुठून निघतोय ते पहिल्यांदाच नीट दिसलं. खिडकीच्या रबराकडून तो येतच नव्हता. हातभर वर, रुळाच्या दुसऱ्या स्क्रूपाशी सुरू होत होता. घोड्यावर चढून बघितलं तर स्क्रूभोवतालचं मॅस्टिक दातातून सुटलेल्या सिमेंटसारखं पोकळ झालेलं. आतून कपाट उघडून ओलावा मोजला, तेवीस टक्के. रूळ सोडवला, जुना लगदा लाकडी पट्टीनं खरवडून काढला, आठवडाभर आत हीटर लावून ठेवला. मग नवीन मॅस्टिकची नळी आणायला गेले.